कुमारे नावाचं कुंपण

सिलांगन, लागुना
१४ जानेवारी १९९६

प्रिय कुमारे,

तुझा खोका पोचला. नाताळ होऊन गेल्यावर पोचला, पण पोचला. मांसाचे डबे, साबण, चॉकलेटं, सगळं शाबूत. फक्त एक सांग, लोकरीचे पायमोजे कशाला पाठवलेस गं? विनिपेगच्या बर्फात तुझी अक्कलपण गोठली की काय? माझ्या रुएलने ते हातात घातले आणि तळ्यावर जाळं ओढायला गेला. म्हणाला, तिया ओनोरला, म्हणजे तुला, कळव, तळहात वाचले.

वीस एप्रिलला तुझ्या भावाला जाऊन वर्ष होईल. तुला येता आलं नाही, बर्फ होतं, नोकरी होती, त्याबद्दल गावात कुणी नावं ठेवली नाहीत. म्हणजे तोंडावर तरी ठेवली नाहीत. फोनवर सगळं सांगता आलं नव्हतं, म्हणून लिहिते. जायच्या आदल्या संध्याकाळी मी पेजेची वाटी घेऊन गेले होते. तुझ्या भावाने, कुम्पारे क्रिसांतोंनी, डोळे उघडले आणि म्हणाले, "कुमारे, तेव्हा तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत. मनात काही ठेवू नका." मी म्हटलं, "बरं, बरं, आधी पेज घ्या." त्यांच्या रोसालची मी धर्मआई झाले, तिथूनच तर आपण सगळे एकमेकांचे कुमारे-कुम्पारे, त्या बाप्तिस्म्याबद्दलच बोलत असणार. दुसरं काय केलंय मी त्यांच्यासाठी?

नऊ दिवसांच्या प्रार्थनेला मी मागे स्वयंपाकघरात कॉफी गाळत होते. रोसाल अजून छातीवर सुतकाची काळी फीत लावते. वर्षश्राद्धाच्या दिवशी काढायची. मी लावली नाही. कुमारेला कुठलं आलंय सुतक?

आता तुझ्या पत्रातली मुख्य गोष्ट. रोसालने तुला स्वतःच लिहिलं हे बरं झालं, नाहीतर मला पत्ताही लागला नसता. तुझी भाची आणि माझा रुएल, माझ्या नाकाखाली! मी आपली समजत होते, दोघं मिळून शाळेचं छप्पर शाकारतायत.

तू लिहितेस हे पाप आहे. खरंच आहे. ज्या हातांनी मी रोसालला बाप्तिस्म्याच्या पाण्याखाली धरलं, त्याच हातांनी बहिणीच्या माघारी तिच्या या पोराला वाढवलं. मी तिची निनांग, म्हणजे धर्मआई. मग तो तिचा भाऊच झाला की. असल्या नात्यात लग्न केलं तर तळं होडी उलटवतं, असं आपल्या आज्या सांगायच्या.

मी बोलते त्यांच्याशी. नात्याच्या शब्दापुढे माणसाने मन मारायचं असतं, हे मला कुणी शिकवायला नको. जाऊ दे ते. तू तिला तिकडे न्यायचे कॅनडाचे कागद तयार ठेव. तिथे तुला एकटीला घर खायला उठतं असं लिहिलंस, ते वाचून मला वाईट वाटलं.

तुझी कुमारे,
इसिंग


११ फेब्रुवारी १९९६

प्रिय कुमारे,

बोलले, आणि पस्तावले.

रविवारी जेवायला दोघांना एकत्र बसवलं. तळलेला मासा मध्ये ठेवला आणि मी सुरू केलं. ती तुझी भाची, मास्तरीण झाल्यापासून हिच्याशी बोलायची सोय राहिलेली नाही.

"निनांग, पाप आहे असं कोण म्हणतं?"

"देव म्हणतो."

"देवाचं पत्र आलंय की तिया ओनोरचं?"

मी म्हटलं, जीभ आवर. तर म्हणते, "निनांग, कुमारे, कुम्पारे हे सगळे शब्द स्पेनच्या पाद्र्यांनी जहाजातून आणले. त्याआधी आपल्या लोकांना काय नाती नव्हती?"

"देवळाची घंटापण जहाजातूनच आली, ती वाजली की उठतेस ना?" मी म्हटलं. रुएल हसला. मग हसू आवरून, माझ्याकडे न बघता, माशाचे काटे बाजूला करत म्हणाला, "नानाय, तू मनापासून नको म्हणालीस तर मी नाही करणार. पण तिया ओनोरचं नको तुझ्या तोंडून मला देऊ नकोस."

मला नानाय, आई म्हणून हाक मारणारं पोर, त्याने कधी उलट शब्द काढला नाही. तेव्हापासून तो जेवतो, पण मुकाट जेवतो. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

कुमारे, खरं सांगू? त्या दोघांना समोर बघून मला तेच वर्ष आठवत राहिलं. तुझी वहिनी बाळंतपणात गेली. घरातच पोरीच्या डोक्यावर घाईने पाणी ओतून नाव ठेवलं आणि देवळातला बाप्तिस्मा सुतक संपेपर्यंत राहिला. तू आणि मी मिळून तिला वाढवत होतो. तुझा भाऊ आमचं बांबूचं कुंपण दुरुस्त करायला यायचा. धड असलेलं कुंपण किती वेळा दुरुस्त करणार? तूच मला चिमटे काढायचीस, "इसिंग, आमच्या घरात बांबू उरला नाही गं, सगळा तुझ्या दारात आला!" मी लाजायचे, चिडायचे. तेव्हा आपण असेच होतो.

आणि मग सुतक संपायच्या सुमारास तू तापाने फणफणलेली पोर घेऊन आलीस. "देवळाचं पाणी लागलं नाही म्हणून होतंय हे. तू धर्मआई हो. लेकराने मागितलेलं कुणी नाकारत नाही, इसिंग. नाकारलं तर लेकराला लागतं." मी नाकारणार कशी? पोर माझ्या गळ्यात पडून कण्हत होती. मी तिच्यासाठी रात्रंदिवस बसून अननसाच्या धाग्याच्या कापडावर कशिदा काढला. बाप्तिस्म्याला तुझा भाऊ तळ्यावरून उशिरा आला. मी हातात पोर आणि मेणबत्ती घेऊन उभी. तो दारातच थबकला. मग पुढे आला आणि सगळ्यांसमोर मला पहिल्यांदा "कुमारे" म्हणाला. त्या दिवसापासून त्याने मला अहो-जाहो सुरू केलं. कुंपणाला पुन्हा कधी हात लावला नाही.

हे मी तुला आजवर बोलले नव्हते. बोलण्यासारखं होतंच काय? नातं जुळलं, विषय मिटला. कुम्पारेच्या मनात डोकावणं म्हणजे पापच. रोसालचा ताप उतरला, आणि इसिंगने पोर वाचवली असं तू गावभर सांगत फिरलीस. त्या बोलण्यावर मी कितीतरी वर्षं काढली.

रोसालचं म्हणणं, फादर एल्पिदियोंना विचार. तेव्हा देवळात तेच होते, आता डोळे गेलेत, मागच्या खोलीत राहतात. ते पाप म्हणाले तर ती कॅनडाच्या कागदांवर सही करणार आहे. तेव्हा काळजी करू नकोस. ते पापच म्हणतील. मला माहीत आहे.

तुझी,
इसिंग


३ मार्च १९९६

ओनोर,

फादरांकडे गेले होते. ते शेंगा सोलत बसले होते. "बस इसिंग, शेंगा खा," म्हणाले. मी मुलांचं सांगितलं.

"मग लाव की लग्न. अडचण काय आहे?"

"फादर, मी तिची निनांग आहे."

"असशील. लग्न तू करतेयस का तिच्याशी?" म्हणाले आणि स्वतःच हसले. "धर्मआईची पोरं आणि धर्मलेक यांना देवळाची बंदी कधीपासून झाली? हे सगळं गावाने चावून चावून लांबवलेलं आहे."

मला खरं तर उठायचं होतं. उत्तर मिळालं होतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि कुम्पारे-कुमारेचं?"

त्यांचा शेंगा सोलणारा हात थांबला.

"ते तुला तेव्हाच सांगितलं होतं ना?"

"मला?"

"तुला म्हणजे क्रिसांतोला. बाप्तिस्म्यानंतर आला होता माझ्याकडे, तोंड एवढंसं करून. म्हटलं, वेड्या, रोमने तो नियम तुमचे बाप चड्डीत होते तेव्हाच काढून टाकला. गाव चार दिवस बोलेल, मी आहे. जा, विचार तिला. लाजरा माणूस. म्हणाला, बहिणीला पाठवतो, त्या मैत्रिणी आहेत. परत आला तो चेहरा पाडून. इसिंगने म्हणे छातीवर क्रूस काढला, पाप आहे म्हणाली, पुन्हा विषय काढायचा नाही म्हणाली." फादरांनी हातातलं टरफल टाकलं. "मला तेव्हा वाटलं, ही पोरगी फारच देवभोळी निघाली. पण जबरदस्ती कशी करणार?"

"फादर, मला कुणी विचारलंच नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना दिसत नाही, तरी पाहिलं.

घरी कशी आले ते आठवत नाही. वाटेत कुणीतरी "निनांग, कुठून?" विचारलं, मी काहीतरी सांगितलं. दारात आले आणि मग मला पेजेची वाटी आठवली. "तेव्हा तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत. मनात काही ठेवू नका." ओनोर, तो मला माफ करून गेला. मी न दिलेल्या नकाराबद्दल तो मला माफ करून गेला, आणि मी त्याला म्हटलं, आधी पेज घ्या.

जानेवारीत मी तुला हे शब्द जसेच्या तसे लिहिले होते. तुला वाचताक्षणी कळलं असणार. तुझ्या उत्तरात त्यावर एक ओळही नव्हती. कागदांबद्दल होतं, हवेबद्दल होतं.

मला एवढंच सांग, तू आली होतीस का माझ्याकडे? मी चुलीपाशी असेन, कशिद्यात डोकं घातलं असेल, तू बोललीस आणि मला ऐकू आलं नसेल. असं झालं असेल तर सांग. मी मान्य करीन. मी आनंदाने बहिरी ठरेन.

इसिंग


३१ मार्च १९९६, झावळ्यांचा रविवार

ओनोर,

तू फोन केलास तो वाणीणबाईंच्या दुकानात. मी चपला न घालता धावत गेले. तेल घ्यायला आलेल्या बायका बाटल्या धरून उभ्या राहिल्या आणि कुणी हलेना. त्यामुळे मी धड ओरडू शकले नाही. आता कागदावर ओरडते.

तू आली नव्हतीस. एवढं तरी सरळ सांगितलंस.

तू रडत म्हणालीस, "मी कुठे गेले असते, इसिंग? पोर माझ्या कुशीत झोपायची. तू लग्न करून आली असतीस तर त्या घरात मी कोण? चुलीपाशी बसलेली नणंद!"

"मी तुला बाहेर काढलं असतं का गं?"

"नसतं काढलंस. तुझ्या मेहरबानीवर ठेवलं असतंस. ते मला जमलं नसतं."

"म्हणून मला धर्मआई केलंस?"

"ताप खरा होता, इसिंग! देवाशपथ खरा होता!"

ताप खरा होता हे मला माहीत आहे. माझ्याच खांद्यावर भाजत होती ती. म्हणून तर मला जास्त लागलं. खोट्या तापाने फसवलं असतंस तर मी तुला लबाड म्हणून मोकळी झाले असते. तू खऱ्या तापाचा, खऱ्या पोरीचा उपयोग केलास. तुला माहीत होतं, त्या पोरीसाठी मी काहीही नाकारणार नाही. माझं प्रेम तुला पुरतं ठाऊक होतं, आणि तू त्याचंच कुंपण बांधलंस. आणि तेवढ्याने भागलं नाही, तेव्हा माझ्या नावाने तूच नकार दिलास.

आणि ज्या घरासाठी हे केलंस, ते घर तरी तू धरून बसलीस का? सोळा वर्षांनी बॅग भरलीस आणि कॅनडाला गेलीस. रोसाल सतरा वर्षांची होती. तुझा भाऊ संध्याकाळी पायरीवर एकटा बसायचा. पलीकडच्या पायरीवर मी. मध्ये तेच बांबूचं कुंपण, तोवर खरंच मोडकळीला आलेलं. "जेवण झालं का, कुमारे?" "झालं, कुम्पारे. तुमचं?" इतकंच आम्ही बोलायचो. वर्षानुवर्षं. तळ्यातला पहिला मासा पोरीच्या हाती यायचा, "निनांगला दे." मला वाटायचं, सज्जन माणूस आहे, पापाला भितो. त्याला वाटायचं, सज्जन बाई आहे, पापाला भिते. आम्ही दोघं एकमेकांचा मान राखत म्हातारे झालो. तू विमानतळावर माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, "माझ्या भावाकडे लक्ष ठेव, कुमारे." त्या क्षणीसुद्धा तुला सांगता आलं असतं, ओनोर. तेव्हा आम्ही चाळिशीत होतो.

मला तुझा संताप येतो. पण त्याहून जास्त लाज वाटते. मी तुझ्यासाठी मेणबत्त्या लावल्या. तुझ्या पायमोज्यांवर हसले. तू सांगितलंस म्हणून माझ्या पोराला पाप पाप म्हणून छळलं. तोच शब्द, तीच तऱ्हा, तू मला पुन्हा वापरायला निघाली होतीस, आणि मी आनंदाने निघाले होते.

फोन ठेवताना तू म्हणालीस, "हे लग्न लावलंस तर मी तुझी कुमारे नाही." वाणीणबाईंना वाटलं कुणीतरी गेलं, त्यांनी मला पाणी दिलं.

इसिंग


२१ एप्रिल १९९६

ओनोर,

काल वर्षश्राद्ध झालं. सकाळी मी नेहमीप्रमाणे मागच्या दाराने कॉफी गाळायला गेले. रोसाल चुलीपाशी आली. तिला मी सगळं सांगितलं होतं, लपवण्यासारखं माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. तिने हातातली दुसरी काळी फीत माझ्या छातीवर लावली आणि टाचणी नीट बसली का ते बघितलं.

"अगं, आज तर काढायचा दिवस," मी म्हटलं.

"मग काढायला आधी लावायला नको?"

मला हाताला धरून तिने पुढच्या बाकावर बसवलं, घरच्यांत. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पाहू देत. फादर एल्पिदियोंना धरून आणलं होतं, त्यांनी प्रार्थना म्हटली. मग रोसालने आधी स्वतःची फीत काढली आणि मग माझी. तेव्हा मी रडले, ओनोर. एका दिवसाचं सुतक मिळालं मला, पण त्याचं म्हणून मिळालं. पाहुण्यांचं सगळं आवरून मी निघताना पोरगी म्हणाली, "नीट जा, नानाय." आजवर निनांग म्हणायची.

आता कामाचं.

लग्न जूनमध्ये करायचं ठरतंय. पण मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी जाऊन, जिना चढून, वडीलधाऱ्यांकडे मुलीचा हात मागायचा असतो. आईबाप दोघंही नाहीत. रोसालला तुझ्याशिवाय वडीलधारं कुणी नाही. मुलं म्हणाली, आता कशाला तिला विचारायचं? रुएल तर म्हणाला, "तिने तुला विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं. म्हणूनच विचारायचं, मी म्हटलं.

तेव्हा समज की मी तुझ्या दारात उभी आहे. शेवया केल्यात, केळीच्या पानातला गोड भात आहे, रुएलला उग्र वासाचा का होईना, तूच दिलेला साबण लावून न्हाऊ घातलंय. खाली चपला काढल्या आणि विनिपेगचा तो बर्फाचा जिना मी चढते आहे. कुणाच्या हाती निरोप पाठवलेला नाही, स्वतःच्या हाताने लिहिते आहे. ओनोर, तुझी रोसाल माझ्या रुएलला देशील का?

तू नाही म्हणालीस तरी दोघं लग्न करतील, ते त्यांचं ठरलंय. पण तुझं नाही तुझ्याच अक्षरात आलं पाहिजे. मी ते मोठ्याने त्यांना वाचून दाखवीन, एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही.

तू म्हणालीस, यापुढे मी तुझी कुमारे नाही. बरं. तो शब्द जहाजातून आला होता, गेला तर जाऊ दे. पण जूनपासून तू माझी बालाए होतेस, पोरीकडची विहीण, आणि हा शब्द पाद्र्यांच्या आधीपासून इथलाच आहे, तो तुला मोडता यायचा नाही. आपल्याला नातवंडं होतील, ओनोर. ती मला विचारतील, लोला ओनोर, आमची तिकडची आजी, कशी आहे? काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

माफ केलं असं लिहिण्यासाठी मी दोनदा पेन टेकवलं. लिहवलं नाही. खोटं लिहायचं नाही म्हणून सोडून दिलं.

विमानाचं तिकीट काढणार असशील तर लवकर काढ. मधलं कुंपण मी काढून टाकलंय, मांडव दोन्ही अंगणांत मिळून घालायचा आहे. सरळ इकडूनच ये. आणि उत्तर लिही. मला कुणी विचारलं नव्हतं. मी तुला विचारते आहे.

तुझी होणारी बालाए,
इसिंग